अकरा जणींचा ताप

मंगळवारी दुपारी तीन वाजून चाळीस मिनिटांनी सोनवळणच्या खालच्या आळीतल्या अकरा बायकांना एकदम ताप भरला. एकशे एक पूर्णांक आठ. सव्वापाचला तो अकराही जणींचा एकदमच उतरू लागला, आणि सहा वाजून दोन मिनिटांनी अकरा जणींनी एकाच क्षणी काहीतरी गरम प्यायलं.

पुण्याच्या कार्यालयात डॉ. विभावरी पाटणकर पडद्यावरच्या या अकरा रेघांकडे बघत बसल्या होत्या. रेघा एकमेकींवर ठेवल्या की एकच रेघ दिसायची.

"साथ असेल, मॅडम," निनाद हुद्दार म्हणाला. निनाद यंत्रविभागाचा प्रमुख, वय चौतीस, हुशार, आणि आपण हुशार आहोत हे न विसरणारा.

"साथीत माणसं एकत्र आजारी पडतात, निनाद. एकत्र चहा पीत नाहीत. तेही सेकंदकाटा धरून."

"प्रयोगातल्या चाळीस हजारांत अकरा आहेत. देशभराच्या मंजुरीसाठी सोमवारी समिती बसते आहे. तीन कोटी लोकांची योजना या अकरा रेघांपायी अडवायची?"

"अडवायची कोण म्हणतंय? मला कळायला हवं."

"आणि कळल्यावर?" निनादने विचारलं. विभावरीबाईंनी गाडी मागवली.

हा ताप पुण्यात बसून कळला, तो लाळमण्यामुळे. मोहरीएवढा मणी, वरच्या दाढेच्या मागे खास डिंकाने चिकटवलेला. दर दहा मिनिटांनी तो लाळ चाखतो. तंबाखू तोंडात गेली की तिच्यातली नायट्रोसामाइन नावाची विषारी रसायनं लाळेत उतरतात. मण्याच्या पोटातल्या पापुद्र्याला ती चिकटली की तिथला विद्युतप्रवाह बदलतो आणि मणी लाल नोंद करतो. दुसरी नोंद तापमानाची, ती मात्र सेकंदासेकंदाला. तिसरी सगळ्यांत मोलाची. गालाच्या आणि हिरड्यांच्या अस्तरातून झडलेल्या पेशींचे तुकडे लाळेत तरंगत असतात. त्यांत कर्करोगाच्या वाटेला लागलेल्या पेशी मिसळल्या, तर डोळ्यांना चट्टा दिसायच्या वर्षभर आधी मणी त्या ओळखतो. त्याला बॅटरी लागत नाही, तो चावण्याच्या दाबावर चालतो. काढून वाटीत ठेवला तर दोन तासांत बंद पडतो आणि त्याची खबर केंद्राला लागते. थोडक्यात, त्याला जिवंत माणसाचं चावतं तोंड हवं. ते तोंड कोणाचं, हे मात्र त्याला कळत नाही. तशी सोय करायची तर प्रत्येकीची जनुकीय ओळख साठवावी लागली असती, आणि नीतिसमितीने त्याला साफ नकार दिला होता.

मणी निनादचा. पण मण्यामागची अक्कल विभावरीबाईंची. त्या वर्तनशास्त्रज्ञ, माणूस वाईट सवय का सोडत नाही, याचा अभ्यास करण्यात त्यांची हयात गेली. मिळण्याच्या आशेपेक्षा जाण्याची भीती दुप्पट काम करते, हे त्यांचं ठाम मत. म्हणून आधीच प्रत्येक घराच्या हातात एक हमी कार्ड ठेवायचं: घरात कोणालाही कर्करोग झाला तर मोठ्या रुग्णालयात थेट पहिल्या रांगेत, सगळे उपचार मोफत. मणी हिरवा आहे तोवर कार्ड चालू. सलग सात दिवस लाल, की कार्ड गोठलं. आणि मणी मुद्दाम काढल्याचं सिद्ध झालं तर पाच वर्षांसाठी गोठलं, कारण काहीही असो. हे शेवटचं कलम लिहिताना त्यांना थोडं बरंच वाटलं होतं.

त्याला कारण होतं. तेहतीस वर्षांपूर्वी, सव्वीस वर्षांच्या असताना, त्या याच सोनवळणला आल्या होत्या. कृष्णाकाठचं गाव. बायका तव्यावर तंबाखू काळी होईतो भाजायच्या, तिची पूड करायच्या आणि ती मिश्री बोटाने हिरड्यांवर घासत बसायच्या. विभावरीबाईंनी हळदीकुंकू केलं, गाणी बसवली, तोंडाच्या कर्करोगाची चित्रं दाखवली, देवीसमोर शपथा घ्यायला लावल्या. वर्षाअखेर चारशे जणींना विचारलं, मिश्री सोडली का? दोनशे चौऱ्याऐंशी जणी म्हणाल्या, सोडली. एकाहत्तर टक्के. प्रबंध झाला, नाव झालं, नोकरी मिळाली. दोन वर्षांनी दुसऱ्याच कुणी संशोधकांनी त्याच बायकांची लघवी तपासली. खरोखर सोडलेल्या निघाल्या नऊ टक्के. परिषदेत भर सभेत एका वयस्क डॉक्टरने विचारलं, "बाई, तुमच्या बायका तंबाखू कानात घालतात का?" सभागृह पोट धरून हसलं.

त्या बायका भिडेखातर खोटं बोलल्या होत्या. शहरातून आलेली गोरीगोमटी पोर उन्हातान्हात हिंडते, तिचं मन कशाला मोडा, एवढाच त्यांचा हिशोब. पण विभावरीबाईंनी ते मनाला लावून घेतलं. पुढची तीस वर्षं त्यांनी एकही प्रश्नावली छापली नाही. तोंडाला विचारू नये, लाळेला विचारावं, हे त्यांचं वाक्य विद्यार्थ्यांना पाठ होतं. त्यांना पुरस्कार मिळाले, त्यांची धोरणं राज्यभर लागू झाली, आणि कुणी "मी सोडली हो" असं म्हटलं की त्या नुसत्या हसायच्या. ते हसणं चांगलं नव्हतं.

सोनवळणला पोचायला त्यांना चार तास लागले, आणि तेवढ्यात कोडं सुटलं होतं. गावातल्या मण्यांच्या नोंदी गोळा करायला गावची आशाताई, म्हणजे आरोग्यसेविका, दर शुक्रवारी हातात वाचकयंत्र घेऊन घरोघर फिरते. त्या यंत्राला मणी एकाच तोंडात आहेत की अकरा, याच्याशी घेणं नव्हतं. मंगळवारी गावात एकाच बाईने तापाची रजा टाकली होती. तिने जन्मात मिश्रीला हात लावला नव्हता, आणि तिच्या तोंडात वरच्या बाजूला स्वतःचा एकही दात नव्हता. ती बाई म्हणजे खुद्द आशाताई, नंदा गुरव. तेहतीस वर्षांपूर्वी विभावरीबाईंना दारोदार फिरवणारी, चोवीस वर्षांची पोरसवदा सून. आता सत्तावन्नची.

नंदाताई अंगणात शेंगा फोडत बसल्या होत्या. गाडी बघून उठल्या नाहीत.

"या. वर्दी न देता आलासा म्हंजे चोर धराया आलाय."

"कवळी काढा, नंदाताई."

"आल्या आल्या? पानी तरी घ्या."

"मला पाणी नको. कवळी."

नंदाताईंनी हात पदराला पुसले, तोंडात बोटं घातली आणि वरची कवळी काढून विभावरीबाईंच्या पुढ्यात, शेंगांच्या सुपात ठेवली. टाळूच्या बाजूने, नथीत खडे बसवावेत तसे, अकरा मणी ओळीने बसवले होते. बांगड्यांचे खडे चिकटवायच्या गोंदाने. काम सुबक होतं, इतकं की विभावरीबाईंना त्याचाच राग जास्त आला.

"दाढेवरनं काढले कसे?"

"नखाचा रंग पुसायचं पानी असतंय न्हवं, त्यानं. कापसाचा बोळा धरला की सुटतंय." कवळीवाचून नंदाताईंचे गाल आत गेले होते आणि शब्द ओले येत होते. "तुमच्या इंजिनेराला सांगा. पुढच्या टायमाला चांगला डिंक लावू दे."

"चौदा महिने तुम्ही मला फसवलंत."

"व्हय."

"तुम्ही. बाकीच्यांचं मी समजू शकते. पण तुमच्या आईचा जबडा याच रोगाने गेला. पहिल्या दिवसापासून तुम्ही माझ्याबरोबर आहात."

"बरूबर? तुमच्या पुस्तकात माझं नाव शेवटच्या पानाला हाय. बारीक अक्षरात. चष्मा लावून हुडकावं लागतंय."

"म्हणून सूड उगवलात?"

"सूड घ्याया येळ कुनाला हाय?" नंदाताईंनी कवळी उचलली, पाण्याने धुतली, पण तोंडात घातली नाही. "तुमास्नी खरंच ऐकायचंय, का नुस्तं लिवून घेनार?"

विभावरीबाई सुपासमोर खाली बसल्या. नंदाताईंनी तो होकार धरला.

"तोंडात मिसरी असली की बाईला कुनी हाक मारत न्हाई. सासू मारत न्हाई, नवरा मारत न्हाई, पोरं मारत न्हाईत. बोलता येत न्हाई, मदीच उठता येत न्हाई. सकाळी अर्धा घंटा, दुपारी अर्धा घंटा. चारचौघी वट्यावर बसत्यात. येवढाच काय तो तिचा. तुमी तंबाखू काढाया गेला, तवा तो अर्धा घंटाबी काढून घेतला. बदल्यात कार्ड दिलं. कार्ड घेऊन बाईनं कुठं बसायचं?"

"हे तुम्ही मला कधी सांगितलं नाहीत."

"पैल्याच वर्षी सांगितलं. तुमी वहीत लिवलंसा बी."

ते खरं होतं. वहीत लिहिलं होतं आणि प्रबंधातून काढलं होतं, कारण बाईच्या विसाव्याला मोजपट्टी नव्हती. विभावरीबाईंना ते आठवलं आणि आठवल्यामुळे त्या आणखी चिडल्या.

"विसावा हवा तर विसावा मागावा. त्यासाठी विष कशाला घासायचं?"

"मागून बगा की येकदा. कुनाच्या बी सासूकडं." नंदाताई हसल्या. दात नसलेलं ते हसू भयंकर होतं. "नाकापेक्षा मोती जड झाला, मॅडम. माझ्यावर वरनं दट्ट्या, गाव हिरवं पायजे. खालनं बाया, आमचं कार्ड वाचीव. मी काय करू? माझ्या तोंडात जागा हुती, ती दिली."

"ठीक आहे. मला या अकरा जणींची तोंडं बघायची आहेत. आत्ता."

पहिल्यांदा नंदाताईंची नजर खाली गेली. "धा जनींची बगा," त्या म्हणाल्या.

"अकरा."

दुपारी साडेतीनला खालच्या आळीतल्या बायका नंदाताईंच्या सोप्यात जमल्या, पण बसलं कुणीच नाही. विभावरीबाईंनी गाडीतून विजेरी आणि लाकडी पट्ट्या आणल्या. तशी विजेरी त्यांनी बरीच वर्षं हातात धरली नव्हती. पूर्वी दर तीन महिन्यांनी गावात तोंडतपासणीचं शिबिर व्हायचं. मणी आल्यावर त्यांनीच आदेश काढून ती शिबिरं बंद केली होती. मणी वर्षभर आधी बघतो, मग विजेरी घेऊन हिंडायचं कशाला?

"चौदा महिनं झालं, आज बॅटरी सापडली व्हय?" दाराशी उभी असलेली एक बाई म्हणाली. दुसरीने तोंड उघडलं, पण विभावरीबाईंच्या डोळ्याला डोळा भिडवून, जणू चावायलाच. तिसरी म्हणाली, "आदी सांगा, कार्ड काढून घेनार का न्हाई? मग उगडते." कुणी बाई म्हणालं नाही, ताई म्हणालं नाही. दहा तोंडं बघून झाली. दोघींच्या गालात पांढरे चट्टे होते, औषधाने आणि मिश्री सुटल्याने बरे होण्यासारखे. विभावरीबाईंना हायसं वाटलं. अकरावी बाई तेवढी पुढे येईना.

तिचं नाव अलका साळुंखे. वय सेहेचाळीस. पदराचं टोक तिने दातांत धरलं होतं आणि नंदाताईंनी ते हळूच सोडवलं. तोंड दोन बोटांपेक्षा जास्त उघडेना. विजेरी आत गेली तसा वास आला, आणि तो वास विभावरीबाई तेहतीस वर्षं ओळखत होत्या. खालच्या हिरडीवर, नेमकं जिथे मिश्रीचं बोट फिरतं तिथे, फुलकोबीसारखी वाढ झाली होती. शेजारचे दोन दात हलत होते. जबड्याखाली, मानेच्या कडेला, सुपारीएवढी गाठ लागली.

"कधीपासून आहे?"

"उनाळ्यापासनं." अलकाचा आवाज नाकातून येत होता.

"दुखत होतं ना? कुणाला दाखवलं का नाहीस?"

अलकाने कमरेचा फोन काढला आणि पुढे धरला. दर शुक्रवारी केंद्राकडून येणारा संदेश होता. वर अलकाचं नाव, खाली हिरवं वर्तुळ, त्याखाली ओळ: अभिनंदन, तुमचं तोंड निरोगी आहे.

"दर आठवड्याला येतंय," ती म्हणाली. "मला वाटलं उष्णता आसंल. सबजा खात हुते."

"अगं, पण तुझा मणी नंदाताईंच्या तोंडात होता. तुला ठाऊक होतं."

"ठाऊक हुतं," अलका म्हणाली. "पर नाव माजंच यायचं न्हवं?"

विभावरीबाईंना तिला मूर्ख म्हणावंसं वाटलं, अगदी जिभेवर आलं. पण त्याच हिरव्या वर्तुळावर विसंबून आपण चाळीस हजार तोंडांसमोरची विजेरी विझवली, हे त्यांच्या त्याच क्षणी ध्यानात आलं. अलकाने एका तोंडाची चूक केली होती.

"मी फोन केला हुता," नंदाताई मागून म्हणाल्या. आता त्यांनी कवळी घातली होती आणि शब्द धारदार येत होते. "शिबिरं बंद करायचा कागद आला, त्याच दिवशी. म्हनलं, मॅडम, शिबिरं चालू ठेवा, बाया मन्यावर इसंबून बसतील. तुमी म्हनालासा, नंदाताई, मनी तुमच्यापेक्षा चांगलं बगतोय."

"मग तेव्हा खरं का नाही सांगितलंत?"

"सांगून? पाच वरसं कार्ड गेलं असतं. कलम कुनी लिवलंय?"

परतीच्या वाटेवर विभावरीबाईंनी सगळ्या बाजूंनी विचार करून पाहिला, आणि चारी बाजूंना स्वतःच घातलेल्या भिंती लागल्या. अलकाची शस्त्रक्रिया महिन्याच्या आत व्हायला हवी. नाहीतर गाठ मानेत पसरणार आणि मग शस्त्रक्रियेत अर्थ उरणार नाही. कार्डाशिवाय साळुंख्यांच्या घराला ते झेपणार नव्हतं, आणि सरकारी रांगेत तिचा नंबर पाच महिन्यांनी लागला असता. कार्ड चालवायचं तर रुग्णालय आधी मणी तपासणार. मणी नाही म्हटल्यावर चौकशी, चौकशी म्हणजे कलम, कलम म्हणजे पाच वर्षं. एकच फट होती. मणी आपोआप गळून पडला असेल तर तो यंत्रदोष, आणि यंत्रदोषात बाईचं कार्ड अबाधित राहतं. थोडक्यात, कुणीतरी खोटं बोलायला हवं होतं.

दुसऱ्या दिवशी कार्यालयात त्यांनी निनादला सगळं सांगितलं. सांगायला नको होतं, पण तोवर त्यांना वाटत होतं की मार्ग दोघांनी मिळून निघेल.

"मी अहवाल दिलाय, मॅडम," तो शांतपणे म्हणाला. "काल, तुम्ही गावात असतानाच. अकरा नोंदी संशयास्पद. समिती तुम्हालाच विचारेल."

"त्या बाईचा जीव जाईल."

"ह्या मण्याने तीनशे सात जणांचे चट्टे वेळेत पकडलेत. ते तुम्हीच मोजलेत. यंत्रदोष म्हटलं की देशभराची योजना दोन वर्षं मागे जाईल. त्या दोन वर्षांत किती अलका मरतील, त्याचं गणित मी मांडू, का तुम्ही मांडता?"

त्याचं चुकत नव्हतं. तीच तर अडचण होती.

"त्यांनी मणी काढले," निनाद म्हणाला. "नखाच्या रंगाच्या पाण्याने. खरं तेवढंच आहे. आणि मॅडम, खऱ्याशिवाय दुसरं काहीही मानू नका, हे मला तुम्हीच शिकवलंत."

"तुला मी बरंच काही शिकवलं. त्यातलं तू सोयीचं तेवढंच घेतलंस."

"आणि तुम्ही?" निनादने विचारलं, आणि उत्तराची वाट न बघता निघून गेला. त्यानंतर सोमवारपर्यंत दोघं एकमेकांशी बोलले नाहीत. जिन्यात समोरासमोर आले तेव्हा विभावरीबाई भिंतीकडे बघत उभ्या राहिल्या. निवृत्तीला जेमतेम वर्ष उरलेल्या बाईला हे शोभत नव्हतं, पण त्यांना त्याचं काही वाटलं नाही.

सोमवारी सकाळी अकराला समिती बसली. पाच माणसं, अध्यक्ष निवृत्त सनदी अधिकारी, समोर निनादचा अहवाल. विभावरीबाईंच्या पुढ्यात एका डबीत अकरा मणी होते, डबीवर त्यांच्याच अक्षरात चिठ्ठी: आशाताई नंदा गुरव यांच्या कवळीवरून जमा.

"डॉक्टर पाटणकर," अध्यक्ष म्हणाले, "प्रश्न साधा आहे. हे मणी त्या स्त्रियांनी काढले, की ते आपोआप गळले?"

विभावरीबाईंनी डबीकडे पाहिलं. तीस वर्षं त्यांनी माणसांच्या तोंडून आलेलं एकही उत्तर पुरावा मानलं नव्हतं. आता पाच माणसं त्यांच्या तोंडाकडे बघत होती, आणि त्या पाचांपाशी लाळ तपासायचं यंत्र नव्हतं.

"गळले," त्या म्हणाल्या. "डिंक कच्चा होता. गरम चहाने सुटला."

निनादने मान वर केली.

"अकराही?"

"एकाच खेपेचा डिंक होता."

"ठीक. पण मग ते अकराही मणी आशाताईंच्या कवळीवर कसे आले?"

"माहितीपुस्तिका बघावी. पान सहा. मणी सुटल्यास कोरडा पडू देऊ नये, ओलसर आणि उबदार जागी जपून ठेवावा. नंदाताईंनी जपून ठेवले. यापेक्षा ओलसर आणि उबदार जागा खेड्यात दुसरी कुठली असते, मला ठाऊक नाही. ते वाक्य मी लिहिलंय. कुठे जपावा, ते लिहायला मी विसरले."

एका सदस्याला हसू आवरेना, त्याने खोकल्यासारखं केलं. अध्यक्ष हसले नाहीत.

"पुस्तिकेत पुढे लिहिलंय की लगेच केंद्राला कळवावं. चौदा महिने कळवलं का नाही?"

"कळवलं. मला फोन आला होता."

"पुरावा?"

"केंद्राच्या फोनची नोंद काढा. शिबिरं बंद करण्याचा आदेश निघाला, त्या दिवसाची. सोनवळणहून माझ्या नावावर."

नोंद काढायला दहा मिनिटं लागली. फोन होता. तीन मिनिटं वीस सेकंद. बोलणं काय झालं ते नोंदलेलं नव्हतं.

"त्यांनी तुम्हाला मणी गळल्याचं सांगितलं?"

"त्यांनी मला सांगितलं की मण्यावर विसंबून शिबिरं बंद करू नका. मी ऐकलं नाही."

"आणि मणी गळल्याचं?"

"तेही सांगितलं," विभावरीबाई म्हणाल्या. "त्याकडेही मी लक्ष दिलं नाही. त्या अकरा बायकांपैकी एकीला तिसऱ्या टप्प्याचा कर्करोग आहे. ही माझी हयगय आहे, आणि मी ती लिहून द्यायला तयार आहे."

निनाद उठून उभा राहिला. "सर, हे खरं नाही. मॅडमनी स्वतः मला..." तो थांबला. आपल्यापाशीही बाईंच्या तोंडच्या शब्दांशिवाय काही नाही, हे त्याच्या बोलता बोलता लक्षात आलं.

"मी तुम्हाला काय सांगितलं, निनाद?" विभावरीबाईंनी विचारलं. त्याला त्यांनी आयुष्यात पहिल्यांदाच तुम्ही म्हटलं होतं.

तो बसला. विभावरीबाईंनी निवेदन स्वतःच्या हाताने लिहिलं, सही केली, तारीख घातली. दुपारपर्यंत निर्णय आला. यंत्रदोष. सर्व कार्डं अबाधित. चाळीस हजार मण्यांचा डिंक तपासेपर्यंत देशभराची योजना स्थगित, आणि तोवर गावोगावची शिबिरं विजेरीसह पूर्ववत सुरू. डॉ. पाटणकर तत्काळ पदमुक्त. त्यांच्या आधीच्या सर्व संशोधनाची विश्वासार्हता तपासायला स्वतंत्र गट. विभावरीबाईंनी तो कागद शेवटपर्यंत वाचला. योजना स्थगित, या शब्दांपाशी त्या थांबल्या. निनादने न मांडलेलं ते गणित त्यांनी मनातल्या मनात मांडायला घेतलं, आणि अर्ध्यातच सोडून दिलं, कारण उत्तर काय येणार ते त्यांना ठाऊक होतं. त्यांना रडू आलं. पण पुन्हा विचारलं असतं तरी त्यांनी तेच उत्तर दिलं असतं.

कार्यालयाचा फोन वापरायची मुभा संध्याकाळपर्यंत होती. त्यांनी सोनवळणला फोन लावला.

"अलकाचं कार्ड चालू राहिलं. शस्त्रक्रिया गुरुवारी. उद्या सकाळी गाडी येईल."

"तुमी काय सांगितलंसा तितं?" नंदाताईंनी विचारलं.

"तुम्ही मला फोन केला होता, असं."

"ते खरंच हाय."

"हो."

"आन् बाकीचं?"

"बाकीचं मी सांगितलं."

"जबडा किती काढत्याल?"

"खालचा अर्धा. कदाचित थोडा जास्त." विभावरीबाई थांबल्या. "मी येते तिच्याबरोबर. तिला नीट समजावून सांगायला हवं."

"गाडी धाडा," नंदाताई म्हणाल्या. "सातला धाडा, ती तयार आसंल. मी जाते संगट. तुमी येऊ नका."

फोन बंद झाला. विभावरीबाईंनी गाडीच्या चालकाला सोनवळणचा पत्ता दिला आणि मागची पूर्ण सीट मोकळी ठेवायला सांगितली, कारण अलकाला येताना आडवं पडावं लागलं असतं.